एका भागाचे दहा भाग

पोशेऱ्याच्या घरातली नागलीची भाकरी चार चतकोर केली म्हणून मोठी होत नाही. भांडवलाच्या बाजारातही हाच हिशेब आहे. मुंबईच्या एचडीएफसी बँकेच्या एका भागाची दर्शनी किंमत १० रुपये होती. विभाजनाने ती २०११ साली २ रुपये झाली, २०१९ साली १ रुपया. ज्याच्यापाशी १०० भाग होते, त्याचे प्रथम ५०० व मग १,००० झाले. पण दर भागाचा बाजारभावही त्याच प्रमाणात उतरला. मालकीतला हिस्सा होता तेवढाच राहिला. मग विभाजन करावयाचे कशासाठी? महागलेला भाग लहान बचतदाराच्या आवाक्यात यावा म्हणून. तेव्हा ‘भाग स्वस्त झाला, घ्या’ असे कोणी म्हणाला, तर त्याला आधी विचारा : बँकेचा नफा किती आणि बुडीत कर्जे किती?