न धुतलेल्या लोकरीची पारख

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मे महिन्याच्या सुरुवातीला मेंढ्या आणि लोकरीचा महोत्सव भरतो. हौसेने कातणारे-विणणारे तिथे आधी रंगीत लडींकडे धावतात. खरा माल मात्र न धुतलेल्या लोकरीच्या विक्रीत असतो, कारण ती हाताने पारखता येते. छोटी बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटकली आणि करकर ऐकू आली, तर तंतू कमकुवत, कातताना तुटणारच. मऊपणा ठरतो तंतूच्या जाडीवर. मेरिनो मेंढीचा तंतू साधारण 20 मायक्रॉनचा, लिंकन मेंढीचा जवळजवळ दुप्पट. म्हणून पहिलीची लोकर गळ्याशी चालते, दुसरीची गालिच्याला शोभते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? धुतल्यावर चरबी आणि माती जाऊन वजन निम्म्यावरही येते, पैसे मात्र पूर्ण वजनाचे गेलेले असतात. हिशेब बरोबर आहे. पण गिरण्यांना हवी एकसारखी, पांढरी लोकर. करड्या-तपकिरी, थोडक्याच उरलेल्या जातींना तिथे गिऱ्हाईक नाही. ते मिळते या हौशी मंडळींत. गिऱ्हाइकाचा हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. दख्खनी मेंढीच्या राठ, काळ्या लोकरीचा मोठा आधार घोंगडी होती. घोंगडीची मागणी घटली, तशी लोकरीची किंमतही गेली. तेव्हा विणकामाचा छंद असेल, तर परदेशी लड मागवण्याआधी एकदा दख्खनी लोकर टकळीवर कातून पाहा. स्वेटर टोचेल, बसायचे आसन विणा.