दोन औषधांची जोड



रावेतला आज शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. पण जुन्या घरांतली माणसे खुरपणी विसरलेली नाहीत. पिकात तण माजले की एक तर सरसकट औषध फवारायचे. त्याने तण मरते, पण पिकालाही चटका बसतो. नाहीतर खुरपे घेऊन बसायचे आणि ओळखून तण तेवढे काढायचे. स्तनाच्या कर्करोगावर आज हे दोन्ही उपाय एकत्र योजले जातात. ही जोड कितपत गुणकारी आणि कितपत निर्धोक, ते आज पाहू. मी डॉक्टर नव्हे, शिकवणारा माणूस आहे. तेव्हा अभ्यासांतून सिद्ध झालेले तेवढेच सांगतो.

रोग स्तनातून हाडे, फुप्फुसे, यकृत यांच्यापर्यंत पोचला की त्याला पुढच्या टप्प्याचा कर्करोग म्हणतात. या टप्प्यावर रोग समूळ जाईल असे आश्वासन सहसा देता येत नाही; आयुष्य वाढवावे आणि ते सुसह्य करावे, हा हेतू असतो. केमोथेरपी ही फवारणी समजा. भराभर वाढणाऱ्या पेशी ती मारते. केसांची मुळे, तोंडातले अस्तर, रक्त तयार करणाऱ्या पेशी याही भराभर वाढतात, म्हणून केस गळतात, तोंड येते, ताप येतो.

आता खुरप्याकडे वळू. स्तनाचा कर्करोग झालेल्या साधारण पाच-सहा बायकांमागे एकीच्या गाठीतील पेशींवर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन फार मोठ्या प्रमाणात असते. ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देत राहते. ट्रास्टुझुमॅब हे औषध नेमके त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते. २००१ साली अमेरिकेतील डॉ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ४६९ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या केमोथेरपीवर निम्म्या बायका २०.३ महिन्यांपेक्षा अधिक जगल्या. जोडीने औषध मिळाले त्यांच्यात हाच आकडा २५.१ महिन्यांवर गेला. पुढे पर्टुझुमॅब हे दुसरे खुरपे आले. ८०८ रुग्णांच्या अभ्यासाचे २०१५ साली प्रसिद्ध झालेले आकडे पाहा: केमोथेरपी आणि ट्रास्टुझुमॅबवर ४०.८ महिने, पर्टुझुमॅबची भर घातल्यावर ५६.५ महिने. सव्वा वर्षाहून अधिक काळ! घरात लेकरे असलेल्या बाईला त्याचे मोल काय, ते वेगळे सांगायला नको.

पण दुसरी बाजूही ऐका. २००१ च्याच अभ्यासात अँथ्रासायक्लिन जातीच्या केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब दिले, तेव्हा शंभरातल्या २७ जणींच्या हृदयाचे काम बिघडले. पॅक्लिटॅक्सेलबरोबर दिले तेव्हा १३ जणींच्या. म्हणून पहिली जोडी आता सहसा एकाच वेळी देत नाहीत, आणि उपचारापूर्वी व मग दर तीनेक महिन्यांनी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करतात. बिघाड वेळीच कळला तर औषध थांबवून हृदय पुष्कळदा सावरता येते. पर्टुझुमॅबने जुलाब आणि अंगावरचे पुरळ वाढते.

शिवाय प्रत्येक जोड फळतेच असे नाही. बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत २००८ साली स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. पण आयुष्य वाढत नाही आणि रक्तदाब, रक्तस्राव यांचा धोका मात्र राहतो, असे दिसल्यावर २०११ साली ती काढून घेण्यात आली. नवे आणि महाग म्हणजे चांगलेच, असे मानू नये.

महागाईचा प्रश्न आपल्याकडे फार मोठा. २०१२ साली रोश या परदेशी कंपनीने पुण्याच्या एमक्युअरशी करार करून ट्रास्टुझुमॅब कमी किमतीत आणायचे ठरवले. २०१३ साली बेंगळुरूच्या बायोकॉनच्या समधर्मी औषधाला भारतात मान्यता मिळाली. किंमत उतरली, तरी गरिबाला ती अजून जडच जाते.

म्हणून शेत विकायला काढण्याआधी काही प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारा. गाठीची ‘हर-टू’ तपासणी झाली का? अहवालात ३+ असेल तर हे औषध लागू पडते; शून्य किंवा १+ असेल तर ट्रास्टुझुमॅबचा उपयोग नाही; २+ असेल तर आणखी एक तपासणी लागते. इको केली का? पूर्वी कोणती केमोथेरपी झाली आहे? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत यातले काय बसते, ते योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

उपचार चालू असताना १००.४ अंशांवर ताप आला तर सकाळची वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. धाप लागली, पायांना सूज आली तर लगेच कळवा. या काळात गर्भ राहू देऊ नये. भस्म, काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

शिक्षकबंधूंना एक विनंती. गावात अहवाल वाचून दाखवायला लोक तुमच्याकडेच येतात. त्यातली ‘हर-टू’ची ओळ शोधून द्या आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून द्या. आणि भगिनींनो, गाठ लागली तर संकोचाने झाकून ठेवू नका. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाखांवर बायकांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या बायकांतले या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. रोग लवकर सापडला तर एवढ्या लांबच्या उपचारापर्यंत जाण्याची वेळच पुष्कळ जणींवर येणार नाही.