वारस आहेत, ताबा नाही



अमेरिकेत फ्लिंटसारख्या शहरात कर थकलेली, ओस पडलेली घरं ‘लँड बँक’ ताब्यात घेते, मालकीचा गुंता सोडवते आणि पुन्हा वापरात आणते. चेन्नईत हे वाचताना मला पंचमी जमीन आठवते.

1891 मध्ये चेंगलपट्टूचा कलेक्टर ट्रेमेनहीर याने अस्पृश्यांच्या भूमिहीनतेवर अहवाल दिला. 1892 च्या सरकारी आदेशाने त्यांना जमिनी मिळू लागल्या. अट अशी, की पहिली 10 वर्षं विक्री नाही. नंतरही फक्त अस्पृश्यांनाच. तरी कर्ज, धाक, खोटे कागद यांतून त्या दलितेतरांकडे गेल्या. 1994 मध्ये कारणै गावची जमीन परत मागणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जॉन थॉमस आणि एळुमलै मारले गेले.

ओस घर परत घेणारी यंत्रणा उभी राहते. मग अट मोडून गेलेली जमीन परत घेणारी का नाही? ही जमीन बेवारस नाही. वारस आहेत, ताबा नाही. महार वतनाच्या जमिनींवरही विक्रीच्या अटी होत्याच.

आपण घरातले पहिले पदवीधर. आजोबांनी ज्यावर अंगठा दिला, तो कागद वाचू शकणारे पहिले. गावी गेलात की सातबारा आणि जुने फेरफार काढा, घरच्यांसमोर मोठ्याने वाचा.

जय भीम.