आबांचा प्रश्न

आम्ही भावंडं इथे, ८१ वर्षांचे आबा साताऱ्याला. कॅन्सरच्या गाठीने त्यांचं मोठं आतडं बंद झालं. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. मोठं ऑपरेशन हृदयाला झेपणारं नव्हतं.

आम्ही इंजिनिअर फोनवर विचारत होतो, "बरे होतील ना?" आबांचा प्रश्न वेगळाच, "घरी जाऊन जेवता येईल का?"

डॉक्टरांनी दुर्बिणीतून निटिनॉल धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवला. तो आत फुलून वाट मोकळी करतो. कॅन्सर त्याने जात नाही. स्टेंट सरकू शकतो, आतड्याला भोकही पडू शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पोटावर पिशवी न लागता आबा चौथ्या दिवशी घरी आले, मऊ भात जेवले. पाच महिने मिळाले.

ज्यांना स्टेंट परवडत नाही, अशा आजी-आजोबांसाठी सढळ हाताने द्या, ही विनंती.