सणाच्या गोष्टी आणि बोलणारी जनावरे



वसंत व्याख्यानमाला म्हटली की वेदान्त, राजकारण, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय यावेत, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्त आहे. तेथे आम्ही पोरांच्या रंगीत पुस्तकांतली बदके घेऊन उभे राहिलो आहोत. हा पोरखेळ असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्याच्याशी आमचे भांडण नाही. पोरांच्या खेळाविषयीच आम्हांला बोलायचे आहे.

जनावराच्या तोंडी माणसाची भाषा घालून सणासुदीची गोष्ट सांगायची आणि सोबत चित्रही द्यायचे, ही कल्पना अमेरिकेतून आली असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. त्यांनी श्रावणात आपल्याच देवघराशेजारच्या भिंतीकडे पाहावे. तेथे जिवतीचा कागद चिकटवलेला असतो. त्यात वर नरसिंह, मग कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मध्ये पोरेबाळे अंगाखांद्यावर घेतलेल्या जरा-जिवंतिका, आणि खाली हत्तीवरचा बुध व वाघावरचा बृहस्पती. चौकटी पाडलेल्या, चित्रे ठसठशीत, आणि सारे प्रयोजन लेकरांच्या खुशालीचे. सणासाठी छापलेले, जनावरांनी भरलेले हे चित्रपत्रक आमच्या आज्या-पणज्या बाजारातून विकत आणीत. आम्ही त्याची पूजा केली, पण चित्र म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले नाही.

चित्राच्या जोडीला कहाणी होतीच. नागपंचमीची कहाणी येथे बसलेल्या भगिनींना पाठ असेल. पुरुष मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. सात सुनांचे घर. सणाला कोणी माहेरी गेली, कोणी आजोळी गेली. धाकटीला माहेरचे कोणीच नाही. ती हिरमुसली होऊन बसली. तेव्हा नागराजाला दया आली. तो ब्राह्मणाचे रूप घेऊन, मी हिचा मामा, असे सांगत दारात आला आणि तिला आपल्या वारुळात घेऊन गेला. पुढे नागीण बाळंत होत असताना दिवा धरण्याचे काम हिच्याकडे आले. वळवळती पिले पाहून ती घाबरली, हातचा दिवा पडला आणि पिलांची शेपटे भाजली. नागाने तिला सुखरूप सासरी पोचवले. पण ती पिले मोठी झाली. आपण लांडे का, असे त्यांनी आईला विचारले आणि सूड घ्यायला निघाली. येऊन पाहतात तो नागपंचमीचा दिवस. तिने पाटावर नाग काढले आहेत, दूध-लाह्या ठेवल्या आहेत, आणि ती हात जोडून म्हणते आहे की माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा जेथे असतील तेथे खुशाल असोत. राग विरघळला. दूध पिऊन, त्या जागी नवरत्नांचा हार ठेवून भाऊ निघून गेले.

आता या गोष्टीत पोथी किती आणि करमणूक किती ते पाहा. लांडोबा-पुंडोबा ही नावेच मुळी हसवणारी आहेत. रात्री ज्याचे नाव घ्यायला बाया भितात, नुसते 'जनावर' म्हणून वेळ मारून नेतात, त्याला येथे चिडक्या धाकट्या दिराइतके घरगुती करून टाकले आहे. परंतु हसता हसता कहाणी एक बोचरी गोष्ट सांगून जाते. सणाच्या दिवशी ज्याला कोणी नाही, त्याचे दुःख इतर दिवसांपेक्षा मोठे असते. धाकट्या सुनेला सासरी अन्न मिळत नव्हते असे कहाणी म्हणत नाही. तिला माहेर हवे होते.

हे लक्षात ठेवून आता अमेरिकेत चला.

तेथे 1940 नंतरच्या काळात डेल या प्रकाशनसंस्थेची दहा-दहा सेंटांची चित्रपुस्तके घरोघर जात. 1950 नंतरच्या एक-दोन वर्षांत डिस्नेच्या एका मासिकाचा खप महिन्याला 30 लाखांच्या वर गेला होता. त्यांतल्या बदकांच्या उत्तमोत्तम गोष्टी लिहिणारा आणि चितारणारा माणूस होता कार्ल बार्क्स. जन्म 1901 चा, मृत्यू 2000 साली. त्याचे नाव पुस्तकावर छापत नसत. मुलांना एवढेच कळे की यातली काही बदके 'चांगल्या चित्रकारा'ची आहेत. आपल्या कहाण्यांचे कर्ते तरी कोणाला ठाऊक आहेत?

1947 च्या नाताळासाठी बार्क्सने एक गोष्ट रचली. तिला एक खडूस, एकलकोंडा, नाताळाचा तिटकारा असलेला म्हातारा काका हवा होता. डिकन्सच्या 1843 च्या नाताळकथेतल्या कंजुषाचे नाव उचलून त्याने या बदकाला स्क्रूज मॅकडक म्हटले. एका गोष्टीपुरता आलेला हा पाहुणा पुढे घरचा मालक झाला. 1990 नंतर दूरदर्शनवर रविवारी सकाळी पैशाच्या ढिगात पोहणारे जे बदक आपल्या मुलांनी पाहिले, ते हेच. आपल्या भाषेत अशा गृहस्थाला कवडीचुंबक म्हणतात. अत्र्यांनी मोलिएरवरून नाटक बेतले तेव्हा हाच शब्द त्याला नाव म्हणून दिला.

पण आमच्या मते बार्क्सची खरी सणाची गोष्ट 1952 ची. डोनाल्डचे तीन पुतणे शॅकटाउन नावाच्या झोपडवस्तीतून जातात आणि तिथली उदास पोरे पाहतात. या पोरांचाही नाताळ व्हावा म्हणून खटपट सुरू होते. बायकांचे मंडळ वर्गणी गोळा करते. पन्नास डॉलर कमी पडतात. त्यांत एक मेजवानी आणि एक खेळण्यातली आगगाडी व्हायची असते. डोनाल्ड स्क्रूजकाकाकडे जातो. काका म्हणतो, जेवणाचे पंचवीस देईन, पण आगगाडीसारख्या चैनीला छदाम देणार नाही. ते पंचवीस तुम्ही मिळवून आणा, मग माझे घ्या.

श्रोतेहो, काकाच्या या वाक्यावर आम्ही पुष्कळ वेळा थांबलो आहोत. हा माणूस दुष्ट नाही. तो हिशेबी आहे, आणि त्याचा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. 2022 च्या दिवाळीत आपल्या सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि तेल होते. शिधा चांगला होता, ज्यांनी रांगेत उभे राहून घेतला त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे, आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही. तथापि त्या पिशवीत पोरासाठी काय होते, असा प्रश्न विचारावासा वाटतो. गिरण्या बंद पडत गेल्या तसे या शहरातल्या कितीतरी घरांनी फराळ कसाबसा केला आणि पोराला सांगितले, फटाके पुढच्या वर्षी.

बार्क्सने कंजुषाला उत्तर भाषणाने दिले नाही. पैशाच्या भाराने स्क्रूजच्या तिजोरीची जमीनच फुटते आणि सगळी संपत्ती खाली पाताळात जाते. वाट राहते ती एका चिंचोळ्या बिळाची. खणावे तर पैसा आणखी खोल जाईल. अशा वेळी त्या बिळातून काय जाऊ शकते? ती खेळण्यातली आगगाडी! पहिली खेप पोरांची, असे स्क्रूजला कबूल करावे लागते आणि शॅकटाउनचा नाताळ थाटात होतो. ज्या वस्तूला काका चैन म्हणाला होता, तीच आता त्याचा पैसा डबा डबा करून वर आणणार, आणि त्याला शेकडो वर्षे लागणार.

हीच गोष्ट माणसांची चित्रे काढून सांगितली असती, तर एक तर ती रडकी झाली असती, नाही तर कोणाला तरी झोंबली असती. बदकाला जात नाही, आडनाव नाही. स्क्रूज पाहून कोणताही सावकार म्हणणार नाही की हा मी. मात्र पोरे त्याला बरोबर ओळखतात. नागाचेही तेच. माहेर नसलेल्या सुनेकडे शेजारीपाजारी का पाहत नाहीत, हे उघड विचारले असते तर गावात तंटा झाला असता. कहाणीने नागाला मामा केले आणि प्रश्न मिटवला.

आमच्याकडे हे पुढे का वाढले नाही? दिवाळी अंकाची कल्पना आपण इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांवरून घेतली. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मोठ्यांची सोय झाली. मुलांसाठी 1952 पासून मद्रासहून मराठी 'चांदोबा' येऊ लागला. शॅकटाउनचे वर्षही तेच. सोलापुरात त्याची एक मौज होती. पूर्व भागातल्या विणकरांच्या घरी तो तेलुगूत, दुसऱ्या पेठेत कन्नडमध्ये आणि तिसरीकडे मराठीत वाचता येई. पण त्यातली मुख्य मंडळी राजे, वेताळ आणि राक्षस. पुढे 'चंपक' आले, त्यातले ससे-अस्वले कपडे घालून दिवाळी-होळीही साजरी करतात. ते आम्ही आवडीने चाळले आहे. तक्रार एकच. आमची जनावरे फार शहाणी. फटाके वाजवू नका, पाणी वाया घालवू नका, असे सांगून मोकळी होतात. उपदेश खोटा नाही, पण गोष्टीतले अस्वल शाळा-तपासनीस झाले की पोर पान उलटते.

आणि खेळण्याचे म्हणाल, तर या गावाला ते कोणी शिकवायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, मागाहून गड्डा भरतो, आणि गड्ड्यावर आलेले पोर रिकाम्या हाताने परत गेलेले बापाला खपत नाही. बेंदराला मातीचे बैल घरी येतात. तिकडे नागपुराकडे तर तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल मिरवतात. तेथे सण, जनावर आणि खेळणे हे तिन्ही एकाच दोरीला बांधलेले असतात.

म्हणून आमची एक विनंती आहे, आणि ती येथल्या चित्रकारांना आहे. येत्या श्रावणात कोणी तरी लांडोबा-पुंडोबाची चित्रकथा काढावी. ती जिवतीच्या कागदासारखी स्वस्त असावी, मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत छापावी, आणि पूजेच्या साहित्याच्या दुकानातच मिळावी. मामा होऊन आलेल्या नागाला पगडी घालायची की फेटा बांधायचा, हे चित्रकाराने ठरवावे. आम्ही रजा घेतो.