प्राप्तिकराचा वाद : दाद कोठे मागावी?

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखाद्या पतसंस्थेला प्राप्तिकराची आकारणी मान्य नसेल, तर तिने काय करावे? कायद्याने त्यासाठी पायऱ्या आखून दिल्या आहेत. आकारणीविरुद्ध 30 दिवसांत अपील आयुक्तांकडे दाद मागता येते. त्यानंतर प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे पुणे येथील पीठ येते. 1941 साली स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणात न्यायिक सदस्यासोबत लेखा सदस्यही असतो. त्याचा कारभार वित्त मंत्रालयाकडे नसून विधी मंत्रालयाकडे आहे. वस्तुस्थितीचा निवाडा येथेच संपतो. उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील ऐकते. शेवटी सर्वोच्च न्यायालय. न्यायाधिकरणापासून पुढील वाट शासनालाही हीच आहे.

2006 च्या दुरुस्तीने सहकारी बँकांची करवजावट काढून घेतली. पतसंस्थाही बँकाच, असे मानून ठिकठिकाणी कर आकारला गेला. सभासदांच्या बचतीवरील नफा त्यात जाऊ लागला. गोव्यातील केपे येथील पतसंस्थेच्या प्रकरणी 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने पतसंस्था म्हणजे सहकारी बँक नव्हे, असा निर्णय दिला. केरळातील मावीलायी संस्थेच्या प्रकरणी 2021 साली सर्वोच्च न्यायालयानेही रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या संस्थेची वजावट मान्य केली.

लहान संस्थेलाही शासनाविरुद्ध न्याय मिळतो, तो असा. मात्र सभासद-नोंदवही, कर्जखाती व ठराव यांचा पुरावा पहिल्याच पायरीवर मांडावा लागतो. तेथे राहिलेली उणीव पुढे क्वचितच भरून निघते.