कप्तान नसलेला माणूस

होडी संकटात सापडली तर तांडेल शेवटी उतरतो, हे खारदांड्याच्या कोळीवाड्याला कुणी शिकवायला नको. 9 डिसेंबर 1971च्या रात्री दीवसमोर ‘आयएनएस खुकरी’ टॉर्पेडोनं फुटली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी हाच रिवाज पाळला. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. पण आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याला हा रिवाज लागू नव्हता. त्याच्या हुकमतीत ना जहाज होतं, ना एक खलाशी.

फादर अलॉयसियस श्मिट. 1909चा जन्म, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं सेंट लुकास हे गाव. कुठल्याही बाजूनं निघा, समुद्र दूरच. 1935 साली रोममध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली, 1939 साली तो नौदलात चॅप्लिन झाला. चॅप्लिन म्हणजे पलटणीतल्या पंडितजी-ग्रंथीजींसारखाच सैन्यातला धर्मगुरू. मिस्सा करायची, पापनिवेदन ऐकायचं, पोरांना धीर द्यायचा. बंदूक त्याच्या हाती नसते.

7 डिसेंबर 1941, रविवारची सकाळ. पर्ल हार्बरमध्ये ‘ओक्लाहोमा’ या युद्धनौकेवर जपानी विमानांचे टॉर्पेडो एकामागून एक आदळले आणि पंधरा मिनिटांच्या आत ती उलटली. खालच्या एका खोलीत काही जण अडकले. सुटायला वाट एकच, एक लहानसं पोर्टहोल. श्मिट त्यात शिरला. बाहेरचे त्याला ओढत होते, पण कंबरेशी तो अडकला. खिशात प्रार्थनेचं पुस्तक होतं. तेवढ्यात मागून आणखी खलाशी आत आले. तो म्हणाला, मला परत आत ढकला.

बाहेरच्यांचे हात धरलेले असताना आत जायचं! असा हुकूम कुठलाही अधिकारी देत नाही. आत जाऊन त्यानं एकेकाला त्या भोकातून बाहेर ढकललं. बारा जण वाचल्याचं सांगतात. तो बाहेर आला नाही. तीनच दिवसांपूर्वी त्याला बत्तीस वर्षं पूर्ण झाली होती.

‘धर्मासाठी हुतात्मा’ हा शिक्का मी त्याच्यावर मारणार नाही. त्या खोलीत पंथ विचारायला सवड कुणाला होती? दुसऱ्या महायुद्धात मेलेला पहिला अमेरिकी चॅप्लिन कोण, या वादातही मला रस नाही; त्याच सकाळी ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेवर चॅप्लिन थॉमस कर्कपॅट्रिकही गेले.

‘ओक्लाहोमा’वर 429 जण मेले. बहुतेकांची ओळख पटली नाही, त्यांना होनोलुलूत बेनाव पुरलं. श्मिटचे अवशेष डीएनए चाचणीनं 2016 साली ओळखू आले आणि त्याच ऑक्टोबरात आयोवातल्या लोरास कॉलेजच्या चॅपेलमध्ये दफन झाले. दर्यावर गेलेला माणूस हाती लागला नाही तर घराचं काय होतं, ते मी या वस्तीत सांगायला नको.

‘खुकरी’ अजून तळाशीच आहे. दीवला गेलात तर किल्ला पाहून परतू नका. चक्रतीर्थच्या टेकडीवर तिचं स्मारक आहे, तिथं पोरांना घेऊन जा.